मेकमधली मेख

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा बोललेलं वाक्य म्हणजे, "बोर्डावर लिहिलंय की, वाचा." मी बँकेत होतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण तिथले काही खातेदार अजून मला मंडईत गाठतात. पत्त्याचा पुरावा आणला तर त्याची झेरॉक्स हवी, झेरॉक्स आणली तर तिच्यावर सही हवी, सही केली तर ती आमच्याकडच्या नमुन्याशी जुळायला हवी, आणि जुळलीच तर माझी जेवणाची सुट्टी झालेली असायची. यात माझं काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. सगळं बोर्डावर लिहिलेलं होतं. लोक वाचत नाहीत, त्याला मी काय करणार?

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, ऐन श्रावणात, एका लॅपटॉपने मला उचलून काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभं केलं.

निमित्त आत्याचं. आत्या मिरजेला असते, वय शहाऐंशी. तिच्या महिला मंडळाने १९७८ साली पाककृतींची एक पुस्तिका काढली होती. ११२ पानं, खिळे जुळवून केलेली छपाई, कागद आता चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झालेला. शिल्लक प्रती दोन. एक आत्याच्या उशाशी आणि एक आमच्या स्वयंपाकघरात, तिच्यावर सांगलीच्या हळदीचे न जाणारे डाग. आत्याच्या वाढदिवसाला ही पुस्तिका नव्याने छापून तिच्या हातात द्यावी, अशी कल्पना मला सुचली. (कल्पना बायकोची होती. सुचली मला.) टायपिंगवाल्याने पानाला ४० रुपये सांगितले. ११२ गुणिले ४० म्हणजे ४,४८० रुपये. हा गुणाकार मी मनातल्या मनात केला आणि त्याचं उत्तर चेहऱ्यावर मुद्दाम दिसू दिलं, पण त्या गृहस्थाने माझ्या चेहऱ्याकडे न बघता स्क्रीनकडे बघितलं. ही पद्धत माझ्या ओळखीची होती.

मग पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे नेमकं काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही.

"मामा, टेसरॅक्ट वापर की," तो म्हणाला. "छापील पानाचा फोटो दिलास की अक्षरं ओळखून मजकूर काढून देतं. मराठी येतं त्याला. आणि मुक्त आहे."

इथे पहिली चूक झाली. तो 'मुक्त' म्हणाला, मी 'मोफत' ऐकलं. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून इंग्रजीवाल्यांना हाच घोळ निस्तरावा लागतोय, कारण त्यांच्याकडे दोन्हींना एकच शब्द. मुक्त म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता सगळ्यांसमोर उघडी; वाचा, बदला, वाटा. आपल्या मराठीत दोन अर्थांना दोन स्वतंत्र, ठणठणीत शब्द आहेत, तरीही सांगलीच्या एका माजी कॅशियरने नको तोच ऐकला. मुक्तीची किंमत वेगळी मोजावी लागते, हे आपल्या संतांनी सांगून ठेवलेलं मी विसरलो.

या टेसरॅक्टचा इतिहास मात्र मला मनापासून आवडला. हा प्रोग्राम ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत, इंग्लंडातल्या ब्रिस्टलला, १९८५ च्या सुमारास जन्माला आला. दहाएक वर्षं त्याच्यावर काम झालं, आणि मग तो दशकभर कपाटात पडून राहिला. २००५ साली कंपनीने त्याची संहिता जगाला खुली केली आणि पुढच्याच वर्षापासून गूगलने त्याला पोसायला घेतलं. निवृत्तीनंतर असं कुणी तरी बोलावून घ्यावं, अशी इच्छा कोणाला नसते? टेसरॅक्ट हे नाव चार मितींच्या घनाचं. मला तीन मितींच्या गॅस सिलिंडरशी जमत नाही, हा इशारा मी तेव्हाच घ्यायला हवा होता.

भाच्याने स्वतःचा जुना लॅपटॉप मला दिलेला होता, त्यावर डेबियन ११. डेबियन हे नाव डेब्रा आणि इयन या जोडीच्या नावांवरून पडलं. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये ते सुरू केलं, डेब्रा त्या वेळची त्यांची मैत्रीण. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी' सिनेमांतल्या पात्राचं नाव देतात, आणि अकराव्या आवृत्तीचं नाव बुल्सआय, म्हणजे त्यातला घोडा. मी घोड्यावर बसलो होतो, हे मला पडल्यावर समजलं.

"एक ओळ लिही, तयार टेसरॅक्ट येईल," भाचा म्हणाला. "डेबियनमध्ये ४.१.१ आहे. चालेल तुला."

"नवीन कितवं आहे?"

"पाचवं आलंय, २०२१ च्या नोव्हेंबरातच. पण ते तुझ्याकडे तयार मिळणार नाही, सोर्सवरून बांधावं लागेल. कशाला उगीच? चार चालेल."

आता बघा, माझं सगळं आयुष्य 'चालेल'वर चाललं. शाळा चालेल, नोकरी चालेल, स्थळ चालेल (हे वाक्य बायको वाचणार नाही, तिला माझे लेख चालत नाहीत). पण निवृत्त माणसाच्या अंगात एक निराळंच वारं भरतं. चौथं कशाला, पाचवंच हवं. तयार पीठ कशाला, गहू आणू, निवडू, गिरणीत नेऊ, आपल्यासमोर दळून घेऊ. संहिता म्हणजे गहू आणि प्रोग्राम म्हणजे पीठ, एवढं मला कळलं होतं. गिरणी मलाच बांधायची आहे, हे कळलं नव्हतं.

संहिता उतरवून घेतली. सोबत 'इन्स्टॉल' नावाची एक फाइल होती, सगळ्या पायऱ्या क्रमाने लिहिलेली. मी तिच्यावरून नजर फिरवली. म्हणजे खातेदार बोर्डावरून फिरवतात तशी.

काळी खिडकी उघडली. तिच्यात एक लहानसा पांढरा चौकोन लुकलुकत बसलेला. मान वर न करता 'बोला' म्हणणारा कारकून मी लगेच ओळखला. पहिला हुकूम ऑटोजेनचा. मी तो टंकला, तर असा हुकूमच नाही म्हणाला. फाइल समोर दिसतेय आणि हा नाही म्हणतोय! अर्ध्या तासाने समजलं की नावाच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते, म्हणजे 'याच फोल्डरमधला'. ही सोय सुरक्षेसाठी आहे म्हणे. एखाद्या फोल्डरात कुणी रोजच्या हुकुमाच्या नावाचा भामटा बसवून ठेवला असेल, तर तो चुकून चालू नये. तोतयागिरी रोखण्यासाठी समोर उभ्या माणसालाच ओळख विचारायची, याला मी तरी कोणत्या तोंडाने नावं ठेवणार?

टिंब-रेघ दिल्यावर ऑटोजेन चाललं आणि दोन ओळींत थांबलं. अमुक साधन सापडलं नाही, काही तरी बिघडलं आहे, मी निघतो, अशा अर्थाचं काही लिहून ते खरंच निघून गेलं. ऑटोमेक, लिबटूल वगैरे मंडळी आधी बोलवायला हवी होती. त्यांना बोलवायला 'सुडो' लागतं. सुडो म्हणजे साहेबाच्या अधिकाराने हुकूम देणं.

मी सुडो म्हटलं. त्याने आधी मला उपदेश केला. दुसऱ्यांच्या खासगीपणाचा मान राखा, टंकण्याआधी विचार करा, मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते. तेहेतीस वर्षांत एकाही शाखाधिकाऱ्याने मला इतक्या सभ्य भाषेत झापलं नव्हतं. मग पासवर्ड मागितला. मी टंकू लागलो, तर पडद्यावर काहीच उमटेना. अक्षर नाही, ठिपका नाही, फुली नाही. कीबोर्ड मेला, असं समजून मी एकेक बटण अंगठ्याने दाबलं, मग कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून चकलीचा तुकडा निघाला, पण पासवर्ड दिसला नाही. तो दिसायचाच नसतो. मागे उभा राहून कुणी अक्षरंसुद्धा मोजू नयेत म्हणून. शेवटी आंधळेपणाने टंकला, एंटर मारलं, आणि उत्तर आलं: हा इसम सुडोवाल्यांच्या यादीत नाही. या घटनेची नोंद वर कळवण्यात येईल.

वर कळवण्यात येईल!

बँकेतल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी लॅपटॉप मिटला. त्या रात्री नीट झोप आली नाही. पहाटे साडेतीनला मी मनातल्या मनात खुलाशाचा मसुदाही तयार केला: 'सदर प्रयत्न अनवधानाने झाला असून त्यामागे कोणताही गैरहेतू नव्हता.' सकाळी भाच्याला विचारलं, हे कळवतात कुणाला?

"रूटला. म्हणजे यंत्राच्या मालकाला."

"मालक कोण?"

"तूच की, मामा. लॅपटॉप तुझाच आहे ना आता?"

म्हणजे रात्रभर मी ज्याच्या चौकशीच्या धास्तीने तळमळत होतो, तो चौकशी अधिकारी त्याच गादीवर, त्याच कुशीवर झोपला होता. भाच्याने फोनवरून दोन हुकूम सांगितले, मी स्वतःला यादीत घातलं, लॉगआउट होऊन परत आलो, आणि बढती मिळाल्यासारखा चहा मागितला. चहा मिळाला नाही.

पुढची पायरी कॉन्फिगर. हिच्याइतकी करमणूक मला टीव्हीनेही दिलेली नाही. वास्तुशांतीला लांबचे एखादे काका येतात आणि न सांगता घरभर फिरून सगळं तपासतात ना, नळाला पाणी येतं का, खिडकी लागते का, फरशी पोकळ वाजते का, तसं हे कॉन्फिगर शेकडो प्रश्न विचारतं आणि उत्तरंही स्वतःच देतं. सी कंपायलर चालतो का? हो. त्याने बनवलेल्या फाइलींचं शेपूट काय असतं? अमुक. या प्रश्नांत एक प्रश्न असाही होता की बांधकामाच्या भोवतालचं वातावरण शहाणं आहे का? उत्तर: हो.

बायको मागे भाजी निवडत होती. "हे 'हो' कोण म्हणालं?" तिने विचारलं.

काका फिरत फिरत शेवटी मोरीपाशी यावेत आणि चेहरा पाडून थांबावेत, तसं कॉन्फिगर थांबलं. लेप्टोनिका १.७४ किंवा त्यावरचं हवं. लेप्टोनिका म्हणजे चित्रांवर काम करणारं ग्रंथालय. टेसरॅक्ट अक्षरं ओळखतं, पण पान स्वच्छ करणं, काळं-पांढरं वेगळं काढणं या कामांसाठी त्याला लेप्टोनिका लागते. आणि लेप्टोनिकाला पीएनजी, जेपेग, टिफ अशा चित्रप्रकारांची आपापली ग्रंथालयं लागतात. लग्नात मुलाच्या मामाला मान दिला की तो त्याच्या मेव्हण्याकडे बोट दाखवतो, तशातला प्रकार. मी शोध घेतला, ज्याच्या नावात लेप्टोनिका होतं असं एक पॅकेज सापडलं, ते बसवलं, आणि काकांना पुन्हा घरभर फिरवलं. काका पुन्हा मोरीपाशीच थांबले. लेप्टोनिका हवी.

"आहे की!" मी पडद्याला म्हणालो. "आत्ता तुमच्यासमोर बसवली!"

पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बंद पडलेली लिफ्ट बटण जोरात दाबल्याने चालू होते, ही श्रद्धा घेऊन मी तो दिवस काढला. संध्याकाळी भाच्याला त्या चुकीचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर एका मिनिटात आलं: "मामा, त्याच ओळीत पुढे लिहिलंय, लिबलेप्टोनिका-डेव्ह नावाचं पॅकेज बसवून बघा. डेव्ह. वाचलं नाहीस का?"

मी ओळ पुन्हा बघितली. लिहिलं होतं. त्याच ओळीत, सरळ, स्वच्छ. बोर्डावर.

डेव्हचं कोडंही मग उलगडलं. तयार प्रोग्राम चालवायचा तर नुसतं ग्रंथालय पुरतं. पण नवा प्रोग्राम बांधायचा तर त्या ग्रंथालयात काय काय आहे आणि ते कसं मागायचं, याची यादी लागते, आणि ती यादी डेव्ह नावाच्या पुडक्यात वेगळी बांधून ठेवलेली असते. जेवणाऱ्याला वाढलेलं ताट पुरतं, स्वयंपाक करणाऱ्याला साहित्य आणि कृती लागते. पाककृतींच्या पुस्तिकेसाठी एवढी उठाठेव करणाऱ्या माणसाला हे इतक्या उशिरा समजावं, हे जरा अतीच झालं. पुडकं आणलं. काका मोरी ओलांडून हसतमुखाने बाहेर पडले आणि जाताना 'मेकफाइल' नावाची फाइल लिहून ठेवून गेले.

इथपर्यंतचे अपराध अज्ञानाचे होते. यापुढचा मात्र अंगभूत आहे. आता फक्त 'मेक' एवढं टंकायचं होतं. पण ती मेकफाइल आहे तरी कशी, म्हणून मी उघडली. आतल्या ओळी कुठे आत सरकलेल्या, कुठे बाहेर, मधली जागा कमीजास्त. तेहेतीस वर्षं लेजरचे रकाने सरळ ठेवलेला हा हात, तो स्वस्थ कसा राहणार? स्पेसबार दाबत दाबत मी पहिली काही पानं एका रेषेत आणली. देखणी दिसायला लागली. सेव्ह केली. मेक म्हटलं.

अमुक ओळीत विभाजक नाही. थांबा.

'थांबा' हा शब्द तो खरोखरच छापतो. मेकचा नियम असा की हुकुमाची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे. टॅबऐवजी आठ स्पेस दिल्या तर डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही, पण मेकला दिसतो. हा प्रोग्राम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिला. टॅबचा नियम गैरसोयीचा आहे, हे त्यांना लवकरच कळलं होतं. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून त्यांनी नियम तसाच राहू दिला. बारा मित्रांना त्रास नको म्हणून पन्नास वर्षं जगाला त्रास! आमच्या बँकेत पैसे काढायच्या स्लिपचा एक रकाना असाच होता. तो कशासाठी आहे ते कुणालाच माहीत नव्हतं आणि तो रिकामा ठेवणाऱ्याला मी परत पाठवत असे.

मेकमधली खरी मेख मात्र पुढे होती. काकांना पुन्हा फिरवून मेकफाइल मूळपदावर आणली. मग फोनवर भाचा म्हणाला, "आता वेळ लागेल. एका वेळी चार कामं चालू ठेव म्हणजे लवकर होईल. मेक, मग डॅश, जे चार."

मी वाट बघत राहिलो. 'जे चार' म्हटल्यावर पुढे 'ते' यायला हवं, असं माझ्या पिढीचं व्याकरण सांगतं. जे चार लोक, जे चार प्रोग्राम, जे चार काय? पुढे काहीच येईना, कॉलही तुटला. तेव्हा 'जे'पर्यंतचं टंकून मी एंटर मारलं. चार राहिलेच.

'जे'नंतर आकडा दिला नाही, तर मेक किती कामं एकदम काढायची याला मर्यादाच ठेवत नाही. जेवढी काढता येतील तेवढी काढतं. गणपतीच्या आदल्या दिवशी मोतीचूर वाटायचं काउंटर एकच आणि रांग न लावता सगळी सांगली आत घुसली, तर जे होईल ते त्या ४ जीबी मेमरीच्या लॅपटॉपात झालं. पंखा सुरू झाला, मग पंख्याचा आवाज बदलला. उंदराचा बाण गोठला. घड्याळ ४ वाजून ११ मिनिटांवर अडकलं. शेजारच्या खोलीतून बायकोने मिक्सर कुणी लावलाय विचारलं. मी एस्केप दाबलं, मग सगळी बटणं क्रमाने दाबली, मग हात जोडले. पाऊण तासाने पॉवरचं बटण दाबून धरलं, आणि बुल्सआय शांत झाला.

दुसऱ्या दिवशी चार लिहिले. काळ्या खिडकीतून मुंग्यांच्या रांगेसारख्या लांबच लांब ओळी वर वर सरकू लागल्या. मला त्यातलं काही म्हणता काही कळत नव्हतं, पण ते बघताना फार बरं वाटत होतं. गिरणीत आपल्या डब्याचं दळण पडताना बघत बसावं, तसं. मी शेजारच्या निवृत्त मास्तरांनाही बोलावून दाखवलं. ते दहा मिनिटं बघून म्हणाले, "छान. हे काय चाललंय?" मी म्हणालो, "कंपाइल होतंय." दोघांचंही समाधान झालं.

दळण झालं. सुडो मेक इन्स्टॉल केलं, तेही झालं. टेसरॅक्टला हाक मारली, तर ते म्हणालं, माझं स्वतःचंच ग्रंथालय मला सापडत नाही. हा प्रकार मात्र मला कुणी न सांगता उमगला. नवा शिपाई रुजू झालाय, दारात उभा आहे, पण मस्टरवर नाव चढलेलं नाही, म्हणून पगार नाही. डेबियनमध्ये ग्रंथालयांचं असंच एक मस्टर असतं आणि ते अद्ययावत करायला एलडीकॉन्फिग नावाचा हुकूम द्यावा लागतो. तो त्या 'इन्स्टॉल' फाइलीत शेवटच्या पायरीला लिहिलेलाच होता. एव्हाना मी ती वाचू लागलो होतो, खालून वर.

मस्टरवर नाव चढलं. पुन्हा हाक मारली. आता म्हणालं, मला एकही भाषा येत नाही. अक्षरओळख शिकवलेल्या फाइली वेगळ्या आणाव्या लागतात. मराठीची आणली, ठरल्या जागी ठेवली. कोणती भाषा वाचायची ते हुकुमात तीन रोमन अक्षरांनी सांगायचं असतं, आणि मराठीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे 'मार'. पाच दिवस मी या यंत्राला जे म्हणू इच्छित होतो, ते अखेर अधिकृतपणे म्हणायला मिळालं. पुस्तिकेतल्या शिऱ्याच्या पानाचा फोटो काढला, निकालाच्या फाइलीला नाव दिलं, उणे एल, मार. एंटर.

आणि आलं की हो! अडीच सेकंदांत पूर्ण पान. बायकोला हाक मारली, तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं: "रवा मंद आचेवर माजून ध्यावा." थोडं थांबून म्हणाली, "रवा माजला तर आवाक्यात राहील का?" जुन्या खिळ्यांच्या छपाईत भ आणि म, घ आणि ध यांच्यात फक्त एका गाठीचा फरक, आणि शाई पसरली की गाठ गेली. वांग्याची भाजी 'वांग्याची माजी' झाली होती. माजी वांगं म्हणजे भरीत, असं मी तिला समजावायचा प्रयत्न केला. पण खरी बहार 'ख'ची. जुन्या वळणाचा ख म्हणजे र आणि व शेजारी शेजारी. त्यामुळे जिथे जिथे आत्याने 'गरम गरम खा' म्हटलं होतं, तिथे तिथे यंत्राने 'गरम गरम रवा' वाढला. खारीक 'रवारीक' झाली. खव्याच्या पोळीत रवा होताच, रव्याच्या लाडवातही होता. अख्खी पुस्तिका रव्याची झाली.

पाऊण महिना मी बसून ११२ पानं तपासली. टायपिंगवाल्याकडे दिली असती तर ती आठ दिवसांत झाली असती, हे बायकोने एकदाच म्हटलं, पण सावकाश. आकड्यांचा मात्र मी शहाणपणाने बंदोबस्त केला. जुन्या छपाईत १ आणि ९ यांत शेपटीचाच काय तो फरक, आणि यंत्राने शिऱ्यात '९ वाटी रवा, ९ वाटी साखर' वाचलं होतं. ही चलाखी मी लगेच पकडली. पुढे भडंगाच्या पानावर 'तिखट ९ चमचे, मीठ ९ चमचे' दिसलं, तेव्हा मला हसू आलं. मूळ पानाशी ताडून बघायची गरजच वाटली नाही. एका झटक्यात सगळ्या पुस्तिकेतले '९ चमचे' काढून '१ चमचा' केले. व्याकरणासकट. त्याच पानावर चुरमुरे २ किलो होते, पण ते मला खटकलं नाही. आमच्या सांगलीत भडंग तेवढं करतातच.

पंचवीस प्रती छापून घेतल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर 'संपादक' म्हणून मी झोकदार सही केली आणि वाढदिवसाला मिरजेला गेलो. आत्या खूश झाली. भिंग लावून एकेक पान वाचत बसली. भडंगापाशी थांबली.

"दोन किलो चुरमुऱ्यांना एक चमचा तिखट? हे कुणी केलं रे बाळ्या?"

"आत्या, मशीनने नऊ वाचलं होतं. मी दुरुस्त केलं."

"नऊच होते ते. मंडळाची सहल निघाली होती औदुंबरला, तेव्हाचं प्रमाण आहे हे. वर लिहिलंय की, पन्नास जणींसाठी. वाचायचं नाही का?" तिने भिंग माझ्याकडे सरकवलं. वर लिहिलं होतं. यंत्राने ते बरोबर ओळखलं होतं, मी छापलंही बरोबर होतं. "आणि 'चमचे' लिहिलंय ना? एक असता तर 'चमचा' लिहिला नसता मी?"

मी खिशातून पेन काढलं. १ चा ९ करायला एक फराटा पुरतो, 'चमचा'चा काना खोडून वर मात्रा दिली की झालं. पंचवीस प्रतींत मिळून भरपूर वेळ लागला, कारण खाडाखोड केली की शेजारी छोटी सही करायची, ही हाताची सवय जाईना. आत्याने पहिली दुरुस्त प्रत परत घेतली, भडंगाच्या पानावरची छोटी सही बघितली, मग पहिल्या पानावरची संपादकाची बघितली, परत भडंगाची बघितली.

"बाळ्या," ती म्हणाली, "सही जुळत नाही रे."